मोटारीच्या चाकांवरील काळी भुकटी

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भंडारा रोड नांवाचें स्थानक लागतें. नांव भंडाऱ्याचें असलें तरी तें ज्या भूमीवर उभें आहे तें गांव वरठी होय. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें मूळचा मीटर मापाचा हा मार्ग आपल्या हातीं घेऊन रुंद केला, आणि पुढें मुंबई व कलकत्ता यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरचें हें एक ठाणें झालें. अशा कोणत्याहि जुन्या स्थानकांत फलाटाच्या कडेला उभें राहून रुळांकडे पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. दोन स्थानकांच्या मधल्या मार्गावर रुळांखालची खडी दगडाच्या मूळ रंगाची, करडी असते. परंतु जेथें गाड्या थांबण्यासाठीं ब्रेक लावतात तेथें तीच खडी तांबूस तपकिरी दिसते. या रंगाला इतर कारणेंहि असतात; पण त्यांत एक मोठा वाटा लोखंडाचा आहे. जुन्या डब्यांच्या चाकांवर बिडाचे ठोकळे दाबून गाडी थांबविली जात असे. दर खेपेस ठोकळ्याचा व चाकाचा थोडा अंश झिजून त्याची भुकटी होई, ती खडीवर पडे, आणि हवेंतील ओलाव्यानें गंजून तिला हा रंग येई.

हाच प्रकार लहान प्रमाणावर घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकांवर घडत असतो. रविवारीं हौसेनें धुतलेलीं रुपेरी चाकें पुढल्या रविवारापर्यंत काळवंडतात. मालक रस्त्याला दोष देतो. पावसाळ्यांत धानाच्या बांध्यांतून रस्त्यावर आलेल्या चिखलाला देतो. कोणी गाडी धुणाऱ्या मुलाच्या कामचुकारपणालाहि देतात. परंतु कोरड्या दिवसांत, केवळ डांबरी रस्त्यावर चालविलेल्या मोटारीचीं चाकेंहि काळीं होतात, आणि तींतहि पुढचीं दोन मागल्या दोहोंपेक्षां पुष्कळ अधिक काळीं होतात. रस्त्याची धूळ असा पक्षपात करीत नाहीं. ही भुकटी बाहेरून आलेली नसते. ती मोटारीच्या स्वतःच्या अंगांतून निघालेली असते. हें एकदां कळलें म्हणजे ती कशी काढावी आणि कशी काढूं नये, हेंहि बरेंचसें आपोआप कळतें.

मोटार थांबविणें म्हणजे तिच्या गतींत सांठलेल्या शक्तीचें उष्णतेंत रूपांतर करणें. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिनें एक लिटर पाण्याचें तापमान सुमारें ३३ अंशांनीं वाढेल. तांब्याभर थंड पाणी आंघोळीला सोसणार नाहीं इतकें कढत व्हावें, एवढी ही उष्णता आहे, आणि ती चार-पांच सेकंदांत, हाताच्या तळव्याएवढ्या कांहीं पृष्ठभागांवर उत्पन्न होते. वेग दुप्पट केला तर ती दुप्पट न होतां चौपट होते. आजच्या बहुतेक मोटारींत पुढच्या चाकांमागें बिडाची एक गोल चकती, म्हणजे डिस्क, फिरत असते. ब्रेक दाबला कीं तिच्या दोन्ही अंगांनीं दोन पॅड तिला चिमट्यासारखे धरतात. ज्या क्षणीं मोटारीचा वेग कमी होऊं लागतो त्या क्षणीं तिचा भार पुढें झुकतो. म्हणून थांबविण्याचें काम मुख्यतः पुढच्या ब्रेकांना करावें लागतें, आणि भुकटीहि तेथेंच अधिक पडते. लहान मोटारींच्या मागल्या चाकांत बहुधा ड्रमचे ब्रेक असतात. त्यांची भुकटी ड्रमच्या पोटांतच राहते. त्यामुळें मागचीं चाकें स्वच्छ दिसतात, इतकेंच.

ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनीं १८८८ सालीं पतीच्या मोटारींतून मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत प्रवास केला. वाटेंत लाकडी ब्रेक झिजल्यामुळें त्यांनीं जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. पुढें इंग्लंडांत डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखांत हर्बर्ट फ्रूड यांनीं १८९७ सालीं या विषयाचे प्रयोग आरंभिले. उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुना जोडा बांधतात हें पाहून त्यांना ही युक्ति सुचली, असें सांगतात. आपल्या आडनांवाच्या अक्षरांत एक अक्षर घालून व त्यांची उलटापालट करून त्यांनीं आपल्या मालाला ‘फेरोडो’ हें नांव दिलें. त्या नांवाशीं भंडाऱ्याचें नातें आहे, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हिंदुस्थान फेरोडो या नांवानें मुंबईंत वाढलेली कंपनी पुढें हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झाली, आणि पैठणप्रमाणें भंडारा येथेंहि तिचा घर्षण-पदार्थांचा कारखाना उभा राहिला. इकडे वरठींत सनफ्लॅगच्या कारखान्यांत मोटारींच्या भागांसाठीं लागणारें मिश्र पोलाद तयार होतें. मोटारीच्या पोलादाचा आणि ब्रेकच्या अस्तराचा उद्योग ज्या टापूंत आहे, तेथील माणसाला चाकावरची भुकटी परकी वाटण्याचें कारण नाहीं.

या अस्तरांत असतें काय? एका प्रकारच्या राळेनें घट्ट बांधलेलें तें अनेक द्रव्यांचें मिश्रण असतें: पोलादाचे किंवा इतर धातूंचे बारीक तंतु, ग्रॅफाइट, खनिजांची पूड, कधीं तांबें, कधीं चिवट कृत्रिम धागा. ब्रेक लागला कीं राळेचा पृष्ठभाग करपतो आणि अस्तराचे कण सुटतात; त्याच वेळीं बिडाची डिस्कहि झिजते. भुकटींतील लोखंडाचा मोठा भाग या डिस्कचाच असतो. ताजी भुकटी काळी दिसते ती कोळशाच्या आणि लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमुळें. ओल लागल्यावर तिचा रंग तांबूस होतो, तेव्हां लोखंड उघड होतें.

पुढचीं दोन्ही चाकें सारखीं काळीं होत असतील तर तें ब्रेक आपलें काम करीत असल्याचें लक्षण आहे, आणि त्यासाठीं गॅरेजवाल्याला दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु पुढच्या दोहोंपैकीं एकच चाक जोडीदारापेक्षां स्पष्टपणें अधिक काळें होऊं लागलें, किंवा थोड्या प्रवासानंतर तेंच अधिक तापलेलें जाणवलें, तर त्या बाजूचा पॅड डिस्कला सोडीत नाहीं, चिकटून राहतो, अशी शंका घ्यावी आणि गाडी दाखवावी. आठवड्यास चाकें धुणाऱ्या माणसाला ही बातमी मेकॅनिकच्या आधीं मिळते.

आतां ही भुकटी साध्या धुळीसारखी झटकून कां जात नाहीं? याचें कारण चाकाच्या त्वचेंत आहे. ज्याला बाजारांत अलॉय व्हील म्हणतात तें चाक ॲल्युमिनियममध्यें थोडें सिलिकॉन मिसळून ओतलेलें असतें. परंतु डोळ्यांना जें चकाकतांना दिसतें तें ॲल्युमिनियम बहुधा नसतेंच. त्यावर रंग असतो, आणि रंगावर एक पारदर्शक थर असतो. या थराची जाडी जेमतेम केसाएवढी. ब्रेकमधून उडणारा लोखंडाचा कण तापलेला व धारदार असतो. तो या थरावर येऊन आदळतो आणि अंशतः त्यांत रुततो. पहिल्या आठवड्यांत तो पाण्यानें निघूं शकतो. तेथेंच राहूं दिला तर पावसाच्या किंवा हिंवाळ्यांतील दंवाच्या ओलाव्यानें गंजूं लागतो. गंजतांना लोखंड फुगतें. त्यामुळें भोंवतालचा थर उचकटतो, फटींतून पाणी आंत शिरतें आणि खालच्या धातूवर पांढुरके फोड उठतात. त्या अवस्थेंत चाकावर कितीहि मेहनत घेतली तरी तें पूर्ववत् होत नाहीं. नव्यानें रंगवूनच घ्यावें लागतें.

भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव म्हणून पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. पितळ उजळ करण्याची विद्या तेथील घराघरांत असते: चिंच लावावी, राखेनें किंवा बारीक मातीनें घांसावें, काथ्याच्या चोयट्यानें जोर करावा, आणि भांडें सोन्यासारखें दिसूं लागेपर्यंत थांबूं नये. ही विद्या पितळेला योग्य आहे. पितळेवरचा मळ चिंचेच्या आम्लांत विरघळतो, आणि भांडें भरीव धातूचें असल्यामुळें घांसण्यानें त्याचा अंशमात्र गेला तरी तें नातवापर्यंत टिकतें. मोटारीच्या चाकावर मात्र हीच विद्या अनर्थ करते. तेथें घांसण्याजोगा धातु वर नसतोच. घांसला जातो तो पातळ पारदर्शक थर. शिवाय चाकावर बसलेली भुकटी स्वतःच लोखंडी रेती आहे. कोरड्या फडक्यानें ती पुसणें म्हणजे चाकाला सँडपेपर लावणें होय. पहिल्या दिवशीं चाक उजळ दिसतें. सहा महिन्यांनीं उन्हांत धरून पाहिलें तर त्यावर वर्तुळाकार ओरखड्यांचें जाळें दिसतें, आणि प्रत्येक ओरखडा पुढल्या भुकटीला बसायला खांच देतो.

आम्लाचीहि तीच गोष्ट. लिंबू, चिंच, फरशी धुण्याचें ॲसिड, यांपैकीं कांहींहि चाकाला लावूं नये. तसाच धुण्याचा सोडाहि लावूं नये. ॲल्युमिनियम हा धातु असा चमत्कारिक आहे कीं तो आम्लांत विरघळतो आणि क्षारांतहि विरघळतो. त्याचा पुरावा स्वयंपाकघरांत आहे: ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत सोड्याचें पाणी उकळलें कीं तें काळें पडतें, आणि आंबट आमटी त्यांत रात्रभर ठेवूं नये असें घरांतील वडील माणसें सांगतात. बाजारांत चाकें धुण्याच्या नांवानें मिळणाऱ्या बाटल्यांपैकीं कांहींत तीव्र आम्ल असतें. तीं औषधें झटपट परिणाम दाखवितात, आणि तीच त्यांच्याविषयीं संशय घेण्यासारखी गोष्ट आहे.

चाकें धुण्याची योग्य वेळ सकाळची, गाडी रात्रभर उभी राहून चाकें गार झालेलीं असतां. प्रवासाहून आल्याबरोबर तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती दोन कारणांनीं वाईट. तापलेल्या डिस्कवर एकाएकीं थंड पाणी पडल्यास ती वांकडी होण्याचा संभव असतो, आणि साबणाचें पाणी गरम धातूवर क्षणांत सुकून त्याचे डाग बसतात. गार चाकावर प्रथम नुसत्या पाण्याची भरपूर धार सोडावी, हात न लावतां. यांतच सुटी भुकटी निघून जाते, आणि सर्व कृतींत हीच पायरी लोक सर्वांत अधिक गाळतात. मग गाडी धुण्याचा सौम्य शॅम्पू पाण्यांत मिसळून मऊ ब्रशानें किंवा फडक्यानें चाकाच्या आऱ्या, त्यांच्या मागची बाजू आणि नटांच्या खळग्या धुवाव्या. आंतली कड विसरूं नये. डिस्कला सर्वांत जवळची तीच, आणि डोळ्याआड असल्यामुळें प्रथम खराब होते तीहि तीच. एका चाकाचा साबण धुवून टाकल्यावरच दुसऱ्याला हात घालावा. चाकांची बादली आणि फडकें निराळें ठेवावें. त्याच फडक्यानें गाडीचा दरवाजा पुसला तर लोखंडाची रेती दरवाजाला लागते. शेवटीं चाक कोरडें पुसावें. पाण्याचे थेंब उन्हांत सुकूं दिले तर त्यांतील क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, आणि विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यांत हा त्रास अधिक. दाबाच्या यंत्रानें धुवायचें असल्यास त्याची धार टायरच्या व्हॉल्व्हवर व ब्रेकच्या रबरी भागांवर जवळून मारूं नये.

इतकें करूनहि बोटाला खरखरीत लागणारे तपकिरी ठिपके उरले तर ते रुतलेले कण समजावे. त्यांच्यासाठीं थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार असलेलें द्रावण मिळतें. चांगल्या प्रतीचें असेल तर तें तीव्र आम्ल नसतें. त्याचें काम लोखंडाच्या गंजाशींच संयोग पावून त्याला पाण्यांत विरघळविणें हें आहे. हा संयोग होतांच पांढऱ्या-रुपेरी चाकावरून जांभळट लाल ओघळ वाहूं लागतात. प्रथम पाहणारा घाबरतो, पण तो रंग लोखंडाचा आहे. द्रावणाला उग्र दुर्गंधी असते. हातांत रबरी मोजे घालावे, सावलींत काम करावें, तें चाकावर वाळूं देऊं नये आणि भरपूर पाण्यानें धुवून टाकावें. वर्षांतून दोनदां याचा उपयोग पुरे. दर आठवड्यास धुणाऱ्याला त्याचीहि गरज क्वचितच पडते. स्वच्छ, कोरड्या चाकावर मेणाचा पातळ हात फिरविला तर पुढली भुकटी मेणावर बसते, चाकांत रुतत नाहीं. मात्र मेण, तेल किंवा टायर चकचकीत करण्याचें पॉलिश यांचा थेंबहि डिस्कला लागूं देऊं नये. चाकाची शोभा साधतांना ब्रेक घालवून बसण्याचा तो निश्चित मार्ग आहे.

धुतल्यानंतर ब्रेक ओले असतात आणि पहिल्या एक-दोन खेपांना कमी धरतात. म्हणून फाटकाबाहेर पडतांच सावकाश जातां जातां ब्रेक दोन-तीनदां हलके दाबून वाळवून घ्यावे. दुसऱ्या दिवशीं डिस्कवर तांबूस पापुद्रा दिसला तरी चिंता नको. उघड्या बिडाला एका रात्रींत गंज येतोच, आणि पहिल्या कांहीं ब्रेकांत तो पुसला जातो. मात्र ओल्या ब्रेकांनिशीं, हँडब्रेक ओढून, गाडी कित्येक दिवस उभी ठेवूं नये. पावसाळ्यांत मागल्या ड्रमचे बूट अशा वेळीं आंतून चिकटून बसतात.

चाकाच्या शोभेपेक्षां महत्त्वाची गोष्ट माणसाच्या फुप्फुसाची. या भुकटीचे जाडे कण चाकावर बसतात. बारीक कण हवेंत तरंगतात आणि श्वासावाटे आंत जातात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस मोठ्या प्रमाणावर असे, आणि त्याचे तंतु फुप्फुसांत गेल्यास असाध्य रोग व कर्करोगहि होतात. आजच्या पुष्कळ अस्तरांत तें नसतें, पण जुन्या गाडीचा ड्रम उघडतांना आंत काय असेल याची खात्री कोणी द्यावी? गॅरेजमध्यें ड्रम उघडून त्यावर हवेच्या नळीचा झोत सोडण्याची रीत सर्रास आढळते. काळा ढग उठतो, आणि तो ढग ज्याच्या तोंडावर येतो तो बहुधा दुकानांतील सर्वांत धाकटा पोऱ्या असतो. ड्रम ओल्या फडक्यानें पुसावा, हवेनें फुंकूं नये, एवढें ज्या श्रोत्यांच्या दारांत मोटार आहे त्यांनीं गॅरेजवाल्याला आग्रहानें सांगावें. घरींहि चाकें कोरड्या ब्रशानें झाडण्याऐवजीं आधीं भिजवावीं.

युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या नियमांत ब्रेकमधून हवेंत जाणाऱ्या कणांना प्रथमच मर्यादा घातली: साधारण मोटारीस दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, केवळ विजेवर चालणारीस ३ मिलिग्रॅम. ७ मिलिग्रॅम ही चिमूटसुद्धां नव्हे. पण वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब केला तर ते ७० ग्रॅम होतात, आणि हा हिशेब केवळ एका गाडीचा व केवळ तरंगणाऱ्या कणांचा. पाण्याबरोबर वाहून जाणारा भाग वेगळाच. अमेरिकेंतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनीं २०१० सालीं कायदे करून अस्तरांतील तांबें टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचें ठरविलें, कारण रस्त्यांवरून नदींत जाणारें तांबें सॅमन माशांची वास घेण्याची शक्तिच नष्ट करतें असें आढळून आलें होतें. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांचा वारसा सांगणाऱ्या भंडाऱ्यासारख्या मुलखांत ही गोष्ट ऐकून सोडून देण्यासारखी नाहीं. तलावाच्या पाळीवर गाडी नेऊन ती तेथेंच धुण्याची सोयीस्कर संवय ज्या ज्या गांवीं असेल तेथें ती मोडावी. गाडी घरीं बादलीनें धुवावी, आणि तें पाणी तलावाकडे वाहणाऱ्या ओढ्यांत न जातां जमिनींत जिरेल अशी जागा निवडावी.

भुकटी मुळांतच कमी करावयाची तर तिचे उपाय गाडी चालविणाऱ्याच्या पायांत आहेत. पुढें फाटक बंद दिसत असतां शेवटच्या क्षणापर्यंत वेग ठेवून मग ब्रेकवर उभें राहणारा चालक आपल्याच डिस्कचें पीठ करीत असतो. आधींच ॲक्सिलरेटर सोडून, गिअर उतरवून येणारा इंजिनाकडून तेंच काम फुकट करून घेतो. ज्यांना सिरॅमिक म्हणतात ते पॅड कमी व फिकट भुकटी टाकतात; बदलण्याची वेळ येईल तेव्हां गाडीच्या जातीस योग्य असतील तर घ्यावे. भुकटी अडविण्यासाठीं चाकाच्या आंतून बसविण्याच्या पत्र्याच्या तबकड्या मिळतात, त्या मात्र घेऊं नयेत. ब्रेकला थंड ठेवणारा वाराच त्या अडवितात.

विजेच्या मोटारींत हा प्रश्न निराळें रूप घेतो. त्या वेग कमी करतांना चाकांची गति उलट विजेंत बदलून बॅटरीकडे परत पाठवितात, त्यामुळें पॅडला काम थोडें आणि चाकेंहि पुष्कळ दिवस स्वच्छ. रुळांवरहि असा पालट झाला आहे; वरठीवरून धांवणाऱ्या नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यांत चाकाच्या धांवेवर ठोकळा न दाबतां आंसावर बसविलेल्या डिस्कना धरणारे ब्रेक असतात. मात्र विजेच्या मोटारीच्या मालकानें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. ज्या डिस्कला घर्षण कमी, तिच्यावरचा गंज पुसलाहि जात नाहीं. अशा मोटारीचें चाक धुतलें, किंवा ती पावसांत भिजली, तर रस्ता मोकळा पाहून दोन-चार वेळां ब्रेक चांगला जोरानें दाबावा.